मुडबीचा नंबर

मुडबी
८ मार्च २०२५

मैत्रेयी,

काल परत करंट गेला. ऐन उन्हात गेला. मागच्या आठवड्यात गेला, त्याच्या मागच्या बी गेला, अन् काल तर आला न् गेला, परत आला न् परत गेला, जसं कुणी बटनाशी खेळायलंय. तुझ्या अप्पाचं हवेचं मशीन दर खेपेला टींटीं वरडतंय अन् गप पडतंय. मी भाकर तव्यावर तशीच टाकून पळते, नाकातली नळी मशीनची काढून सिलिंडरला लावते. सिलिंडरचा पाना एका हातानं फिरत न्हाई, दुसऱ्या हातानं अण्णाला, तुझ्या बापाला, धरावं लागतं. तवर त्याचे ओठ जांभळे. भाकर जळून कोळसा. आता हे कुणाला सांगावं मी?

शिवशंकर लाइनमनला धरलं. तो म्हणला, "अक्का, माझ्या हातात काय हाय? वरून फोन येतो." वर म्हणजे कुठं, विचारलं. म्हणला कलबुर्गी. कलबुर्गीला तर तू हायस. करंटच्याच हापीसात हायस. मग तुझ्या हापीसात बसून ह्या माणसाचा वारा बंद कोण करायलंय, एवढं मला सांग. शहाबादच्या फरशीच्या मशीनवर राहून राहून त्यानं छातीत दगडाचा भुगा भरून घेतला. त्या भुग्यातून तू इंजिनेर झालीस. हे मी बोलून दाखवायलेय असं समज, दाखवायलेच.

फोनवर तू हां आत्या, हां आत्या म्हणतीस अन् ठेवतीस. ड्युटीवर फोन बाहेर पेटीत ठेवावा लागतो म्हणतीस. म्हणून कागद लिहायलेय. कागदावर हां हां करता येत न्हाई. चौथीच शिकलेली हाय, काना-मात्रा चुकल्या तर चुकू दे.

जय भीम.
तुझी आत्या पंचशीला


कलबुर्गी
१४ मार्च २०२५

आत्या,

जय भीम. तुझं पत्र ड्युटीवरून आल्यावर वाचलं आणि जेवताना परत वाचलं. अप्पांचे ओठ जांभळे होतात ते तू फोनवर सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, तेही आता नक्की आठवत नाही.

करंट का जातो ते सांगते. आपला भाग लांब लांबून येणाऱ्या लाइनींच्या अगदी टोकाला आहे. उन्हाळ्यात दुपारी सगळीकडचे पंप, कूलर एकदम चालू असतात, तेव्हा विजेचा दाब उतरायला लागतो. आधी थोडा थोडा उतरतो. मग एक वेळ येते की तो धरूनच राहत नाही, एका झटक्यात खाली बसतो. एक लाइन बसली की तिचा भार शेजारच्या लाइनीवर जातो, ती बसते, मग तिच्या शेजारची. असं झालं तर तुमचा आणि इथला, दोन्ही जिल्हे बंद पडतील. दवाखाने, पाणी, सगळं. आणि बंद पडलेलं परत उभं करायला दिवस लागेल.

ती वेळ यायच्या आधी ओळखणं हे आमच्या खोलीचं काम आहे. लाइनींवर यंत्रं बसवली आहेत, ती सारखी नाडी बघत असतात. तुझ्या घरातला दिवा मंद व्हायच्या आधी आम्हाला पडद्यावर दिसतं की आता घसरायला लागलंय. दिसलं की कुठला तरी भार लगेच उतरवावा लागतो, म्हणजे काही गावं थोडा वेळ बंद. प्रत्येक गावाचा वार ठरलेला आहे. मुडबीचाही आहे. ठरवणारे लोक वेगळे असतात, मी पडद्याकडे बघणारी.

पण आत्या, त्या दिवशी मुडबी थोडाच वेळ बंद राहायची होती. तू भाकर दुसरी थापली असतीस तोवर आली असती. चालू केल्याबरोबर तुमचा भार पडद्यावर भिंतीसारखा उभा राहिला आणि लाइन आपोआप पडली. परत लावली, परत पडली. एकच कारण असू शकतं. गावातल्या पाण्याच्या मोटारींना ऑटो लावलेत ना? करंट आला की माणूस नसला तरी मोटार आपली आपण चालू करते, ती पेटी. सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठल्या तर कुठलीही लाइन तो हिसका सोसणार नाही. ऑटो काढायला सांग सगळ्यांना. मग बंद झालं तरी लगेच येईल आणि टिकेल.

सिलिंडर भरलेला ठेव. अप्पांना जपून.

मैत्रेयी


मुडबी
१८ मार्च २०२५

मैत्रेयी,

म्हणजे चूक आमचीच. बरं झालं सांगितलीस.

ऑटो हायत. सगळ्यांना हायत. कामून न्हाई ठेवायचे? तुमचा तीन फेजचा करंट कधी सकाळी येतो, कधी दुपारी, कधी माणूस झोपल्यावर. त्याची वाट बघत कुणी रानात उभं राहायचं? ऊसवाल्या मल्लिकार्जुनला म्हणलं, ऑटो काढ, आमची पोरगी सांगायली. तो म्हणला, "अक्का, पहिलं शेजारच्यानं काढू दे. मी काढला अन् त्यानं ठेवला तर पाणी त्याच्या उसाला, अन् मी काय तुमच्या पोरीचं पत्र पाजू का उसाला?" शेजारच्याला विचारलं, तो मल्लिकार्जुनकडं बोट दाखवायलाय. मी दोघांना काय बोलले ते कागदावर लिहायचं न्हाई.

अन् आपल्या मोटारीला बी ऑटो हाय, ते बी ऐक. भेंडीला पाणी मीच ऑटोवर सोडते. तुझ्या अप्पाला घरात एकटा सोडून मी मोटारीपाशी बसू का? त्याच्यासाठीच तर लावला. आता तू म्हणतीस त्याच्यामुळंच त्याचं मशीन बंद पडायलंय. असलं शिक्षण तुलाच लखलाभ.

दुसरं. ठरवणारे लोक वेगळे म्हणून लिहिलीस. शिवशंकर काल ओसरीवर चहा पीत बसला होता. म्हणला, सबस्टेशनला फोन येतो तो एका बाईचा. कन्नड बोलती, कधी मराठी बोलती, आवाज चढवत न्हाई. "मुडबी उतरवा" म्हणती अन् ठेवायच्या आधी "जपून" म्हणती. सबस्टेशनची पोरं तिला जपूनबाईच म्हणतात म्हणं. अण्णा खाटेवर होता. ऐकून हसला, मग खोकला, मग परत हसला. मी कपबशा विसळायला गेले.

तू बापाला दर फोनला शेवटी जपून म्हणतीस. परवाच्या कागदातबी लिहिलीस. मला येडी समजू नकोस.

आता मी सरळ सांगायलेय. आमचं नाव काढ त्यातनं. एका गावानं तुमच्या दोन जिल्ह्यांचं काय व्हतंय? बाकीची गावं हायत की. आम्ही कुणाचं कधी फुकट घेतलं न्हाई, पण हे मागायलेय. माझ्यासाठी न्हाई मागत.

पंचशीला


कलबुर्गी
२७ मार्च २०२५

आत्या,

तालुक्याला, कल्याणला, अप्पांना ठेवलं होतं त्या दवाखान्यातून निघताना तू पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसलीस. मला वाटलं होतं तू मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. म्हणून आता लिहिते.

हो, तो फोन माझाच असतो. त्या शुक्रवारीही माझाच होता. दुपारी पडद्यावर दाब घसरायला लागला, वार मुडबीचा होता. तुझं पत्र आदल्या दिवशी आलेलं, माझ्या पिशवीत होतं. मी मुडबी उतरवा म्हणाले. थोड्या वेळानं लावायला सांगितली. पडली. परत लावली. पडली. मग सबस्टेशनवरून सांगितलं की गावातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मरच जळला. तेव्हा मला कळलं की आता संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, आणि तुझा सिलिंडर तेवढा वेळ पुरणार नाही. मला हे सगळं खोलीत बसून कळत होतं. फोन बाहेरच्या पेटीत होता. ड्युटी संपेपर्यंत मी उठले नाही. उठता येत नव्हतं म्हणू की उठले नाही म्हणू, मला ठरवता येत नाही.

मल्लिकार्जुनकाकांनी जीप काढली नसती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुला त्यांनी सांगितलं नसेल.

आता मुडबीला त्रास होणार नाही. तू म्हणालीस तसं केलंय. कसं केलं ते विचारू नको, आणि गावात कुणाला सांगू नको.

अप्पांना दोन वेळचं औषध चुकवू नको.

मैत्रेयी


मुडबी
१ एप्रिल २०२५

मैत्रेयी,

करंट हाय. दुपारी बी हाय. पंखा असा फिरायलाय की अण्णा म्हणला, जरा हळू कर, थंडी वाजायली. आता आम्हाला सवय न्हाई राहिली.

शुक्रवारी आपली पाळी म्हणून मी पाना हातात धरून बसले होते. गेलाच न्हाई. मल्लिकार्जुन वाटेत भेटला, म्हणला, "अक्का, तुमची पोरगी म्हणजे देव हाय." म्हणलं, आमच्यात देव न्हाईत, पोरगीच हाय. मी कुणाला काय सांगितलं न्हाई, पण गावाला वास येतोच.

कसं केलीस विचारत न्हाई. डॉक्टर मला बी बोलले होते. दोघींनाबी एकच सांगून दोघींनाबी गप राहा म्हणाले, असले डॉक्टर.

शनिवारी अण्णाला कल्याणला दाखवायला न्यायचंय. मग लिहीन.

जय भीम.
आत्या


मुडबी
७ एप्रिल २०२५

मैत्रेयी,

शनिवारी कल्याणला गेलो. अण्णाला आत घेतलं, मी बाहेर बाकड्यावर बसले. शेजारी एक म्हातारी होती, गुरुबाई नावाची, दुबलगुंडीची. मांडीवर नात, ही एवढी. पोरीची छाती कोंबडीच्या पिल्लागत वरखाली व्हायली होती. दमा हाय म्हणाली, घरी वाफेचं मशीन हाय, करंटवर चालतंय. मग तुमच्या जवळचं हुमनाबाद सोडून इकडं कामून आलीस, विचारलं. म्हणाली, तिथं दोनदा जाऊन आलो, उतार पडेना. मशीन हाय पण करंट न्हाई. आधी आठवड्यातनं एका वारी जायचा, पोरीला त्या दिवशी लवकर वाफ देऊन ठेवायचो. आता दोन वारी जायलाय. दुसऱ्या वाराचं कुणी सांगितलंच न्हाई. शुक्रवारी पोरीला धाप लागली, मशीन लावलं अन् करंट गेला.

मग ती म्हणाली, "मुडबीचा वार आमच्या डोक्यावर टाकलाय म्हणं, बाई. मुडबीचं कोण तरी वर बसलंय."

अन् मला विचारली, "तुम्ही कुठल्या?"

मैत्रेयी, तुला ठाऊक हाय, मी कुणाच्या बापाला भीत न्हाई. तहसीलदाराला त्याच्या तोंडावर बोललेय. त्या म्हातारीला मी म्हणाले, मी इथलीच, कल्याणची.

पोरीनं माझं बोट धरलं होतं. सोडंना.

अण्णाला घेऊन घरी आले. आल्यावर मशीन लावलं, अन् सगळं सांगितलं. वाटलं होतं, हा मला समजावंल की तू कशाला मनाला लावून घेतीस. त्यानं डोळे मिटून घेतले. बोलायला त्याला वेळ लागतो, एक शब्द, मग वारा, मग दुसरा शब्द. म्हणला, "शुक्रवारी करंट गेला न्हाई, तवाच मला कळलं होतं. ती असं कधी करत न्हाई. तू करायला लावलीस." मग म्हणला, "दुसऱ्याच्या नातीचा वारा मला नको." मग म्हणला, "ऑटो काढ."

मी म्हणलं, आपला एकट्याचा काढून काय व्हतंय. म्हणला, "तू काढ."

तर काढला. काल सकाळी विहारात वंदना झाली अन् मी पान्यासकट रानात गेले. पेटी काढून पिशवीत टाकली अन् तीच पिशवी घेऊन मल्लिकार्जुनच्या दारात. तो दात घासायला होता. पेटी त्याच्या पायापाशी ठेवली. म्हणलं, हा घे, पहिला शेजारच्यानं काढला. आता तू काढ.

म्हणला, "अक्का, माझा ऊस वाळंल."

म्हणलं, तुझ्याच जीपमधनं अण्णाला नेलास ना? त्या दिवशी त्याचं डोकं तुझ्या खांद्यावर होतं. तवा ऊस आठवला का?

म्हणला, "ते वेगळं."

म्हणलं, ते वेगळं न्हाई. जीप काढायची वेळ आणली कुणी? तू, मी अन् ह्या पेट्यांनी.

त्याची बायको शरणम्मा दारात उभी होती. ती आत गेली, अन् आतनंच कन्नडमध्ये नवऱ्याला म्हणाली की रान आधी का माणूस आधी, हे बाहेरच्या बाईनं येऊन सांगावं लागतंय का तुम्हाला. तो चूळ भरून माझ्याबरोबर आला. त्यानं काढला म्हणल्यावर ओढ्याकाठचे सगळे काढायला लागले. त्यांना दुसऱ्यानं काढलेला डोळ्यानं बघायचा होता, बाकी काय न्हाई.

पण एक अडचण राहिली. ऑटो न्हाई म्हणल्यावर करंट आला की सगळेच पळत सुटणार अन् एकदमच बटन दाबणार. मग ऑटो काढून काय फायदा? त्याच्यावर असं ठरलं. विहाराच्या भोंग्यावरनं सांगायचं. करंट आला की पहिलं कुणी काय चालू करायचं न्हाई. आमच्या घरातला पंखा एकसारखा फिरायला लागला की मी सांगणार, मग भोंग्यावर पहिलं ओढ्याकाठचे, मग रस्त्याकडचे, सगळ्यात शेवटी माळावरचे. मल्लिकार्जुन म्हणला, "म्हणजे तुमच्या विहाराच्या भोंग्यावर मी माझी मोटार चालू करायची?" म्हणलं, कर की, मोटारीला जात असती का? तो हसला. सगळे हसले न्हाईत. पण कबूल झाले. आपली मोटार माळावरची, म्हणजे भेंडी शेवटी. मी मोटारीकडं गेले की तवर शरणम्मा अण्णापाशी येऊन बसणार. तिनं सोताच सांगितलं.

शिवशंकरनं आज डीपी बंद करून परत लावून बघितली. भोंग्यावर ओरडून सगळं ठरल्याप्रमाणं केलं. दिवा एकदा लवला अन् उभा राहिला. शिवशंकर म्हणला, एक डीपी उभी राहिली, पण लाइनीवर दुसरी बी गावं हायत, तिथंबी ऑटो हायत. ती मी तुझ्यावर सोपवते. तुमच्या हापीसानं तिथं माणूस पाठवून सांगावं. मी एकटीनं सगळ्या गावांत भांडायला जाऊ का? जाते म्हणा लागलं तर. माळावरचा ग्यानबा अन् त्याचा भाऊ अजून काढंनात. काढतील. रोज सकाळी त्यांच्या दारात उभी राहणार हाय, चहा बी घेणार न्हाई.

आता काम ऐक. मी मागितलं होतं, ते मी परत घ्यायलेय. मुडबीचा करंट जायचा नंबर परत लाव. जो वार होता तोच लाव, न्हाईतर दुसरा लाव, पण आमचा आम्हाला लाव. दुबलगुंडीच्या डोक्यावरचा काढ, अन् तो आजच्या आज काढ, आम्हाला उत्तर लिहायची वाट बघू नकोस. तुझ्या वरच्या साहेबाला हे ठाऊक न्हाई हे मला कळतंय. तू त्याला सांगणार का गपचूप फिरवणार, ते तू बघ. मी असते तर सांगितलं असतं. पण मी दवाखान्याच्या बाकड्यावर खोटं बोलून आलेय, तेव्हा तुला शिकवायला माझं तोंड न्हाई.

भीती न्हाई असं न्हाई. दुसरा सिलिंडर आणलाय, भरलेला हाय. पाना दोरीनं बांधून खाटेला अडकवलाय. एका हातानं पाना फिरवायची सवय करायलेय, रिकाम्या सिलिंडरवर. लाइन पडली अन् परत उभी राहिली न्हाई तर ह्या येळेला मी तुझं नाव घेणार न्हाई. एवढं लिहून देते.

अण्णा म्हणतो, फोन करशील तवा मुडबी म्हणताना थांबू नकोस. सबस्टेशनच्या पोरांना थांबलेलं कळतंय. अन् शेवटी जपून म्हणायचं सोडू नकोस.

येत्या सोमवारी भीमजयंती हाय. येणार म्हणली होतीस. ये, न्हाईतर येऊ नकोस, पण त्याच्या आधी उत्तर पायजे. रविवारपर्यंत. हा कागद मल्लिकार्जुनच्या हाती धाडायलेय, तो उद्या कलबुर्गीच्या बाजारात जायलाय, म्हणजे टपाल चुकलं म्हणायला जागा न्हाई. त्यात दुसरं काय लिहू नकोस. मुडबीचा नंबर कोणत्या वारी, सकाळी का दुपारी, तेवढं लिही. नुसतं हां आत्या लिहिलीस तर जयंती टाकून सोमवारच्या पहिल्या गाडीनं मी तुझ्या त्या खोलीच्या दारात येऊन बसते. मग कसं उठवतात मला, ते तुझ्या साहेबाला बघू दे.

जय भीम.
पंचशीला